गाडी मागे बसली की पकड मिळते, हे नक्की कोणी ठरवलं?

शेवटचा_गिअर (धागाकर्ता)

ड्रॅग रेसच्या (सरळ पट्ट्यावर, उभ्या गाडीपासून सुरू होणारी शर्यत) पिटमध्ये एक वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत: "मागचं सस्पेन्शन मऊ कर, गाडी बसू दे, वजन मागे येईल, टायर पकडेल." माझ्या मते हे साफ चूक आहे, आणि या एका वाक्यापायी लोक अख्खा हंगाम वाया घालवतात.

हिशोब मांडून बघा. लाँचला, म्हणजे गाडी जागेवरून सुटताना, पुढच्या चाकांवरून मागे किती वजन जाणार हे गाडीचं वजन, प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस यांवर ठरतं. गाडी १४०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंमी, व्हीलबेस २.६ मीटर धरा. १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढ्या) प्रवेगाला १४०० × ०.५ ÷ २.६, म्हणजे साधारण २७० किलो मागे जातात. यात स्प्रिंग कुठे दिसली का? दगडासारखी टणक लावा नाहीतर गादीसारखी मऊ, २७० ते २७०च. उलट मागची बाजू ५ सेंमी बसली तर गुरुत्वमध्य अडीचेक सेंमी खाली येतो आणि तेरा-चौदा किलो कमीच जातात.

मग गाडी का बसते? तर दांड्यांच्या भूमितीमुळे. गाडीकडे बाजूने बघा. मागचा टायर जमिनीला टेकतो तिथून एक रेघ काढा आणि ती पुढच्या आसाच्या बरोबर वर, गुरुत्वमध्याच्या उंचीपर्यंत न्या. आता फोर-लिंकची (मागचा आस चॅसीला जोडणाऱ्या चार दांड्या) वरची आणि खालची दांडी मनातल्या मनात पुढे वाढवा. त्या जिथे एकमेकींना छेदतात तो इन्स्टंट सेंटर. तो रेघेवर असेल तर अँटी-स्क्वॉट (मागची बाजू बसण्याला होणारा विरोध) १०० टक्के, मागची बाजू ना बसते ना उठते. खाली असेल तर बसते. वर असेल तर बॉडी मागून उचलली जाते, आणि तिला उचलताना टायर जमिनीत दाबला जातो. मला तो दाब हवाय.

माझी गाडी मागच्या चाकांची, फोर-लिंक, स्लिक (खाचा नसलेले) टायर. खालच्या दांड्यांचं पुढचं टोक चॅसीवरच्या जोडणीच्या भोकांत एक भोक वर घेतलं. पहिल्या ६० फुटांची वेळ १.६२ सेकंदांवरून १.५६ वर आली. तोच दिवस, टायरात तीच हवा, दुसरं काहीही हलवलं नाही. बोला आता.

पाटेबहाद्दर

गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा.

वजन किती जातं हा प्रश्नच नाही हो, किती वेळात जातं हा आहे. तुमचे २७० किलो प्रवेग टिकला तर शेवटी पोचतातच, पण टायर सुटायचा असतो तो पहिल्या एक-दोन दशांश सेकंदात. तेव्हा टायरला फटका बसला तर स्लिकची भिंत चुरगळते, मग ती उसळून परत येते, आणि येताना टायरवरचा भार हलका होतो. ट्रॅक गरम आणि चिकट असेल तर हे खपून जातं. थंड ट्रॅकवर तुमच्या त्या वरच्या भोकातून गाडी जागच्या जागी धूर काढत बसेल, आणि आमची बसणारी गाडी शांतपणे निघून जाईल.

मी पाट्यांच्या स्प्रिंगवर (लीफ स्प्रिंग) चालवतो. आमच्या पाट्यांना भोकं नसतात, त्यामुळे निवड करायची डोकेदुखीही नाही. पाट्याचा पुढचा अर्धा भाग क्लॅम्पने घट्ट, मागचा मोकळा, बस. ६० फूट १.६० च्या आसपास, पण दहा रनमध्ये फरक ०.०२ चा. ब्रॅकेट शर्यतीत स्वतःच आधी सांगितलेल्या वेळेपेक्षा जोरात पळालात तर ब्रेकआउट होऊन बाहेर. तिथे एका रनचा १.५६ मिरवून काय करणार?

शेवटचा_गिअर

काका, ब्रॅकेट हा वेगळा खेळ, तिथे सातत्य जिंकतं हे मान्य. पण वेळेचं म्हणाल तर ते काम शॉक अब्सॉर्बरचं आहे, मऊ स्प्रिंगचं नाही. पुढे ९०/१० चे शॉक टाकले की नाक झटकन उघडतं आणि मिटताना सावकाश मिटतं. मागे किती झपाट्याने उघडायचं ते रिबाउंडच्या (शॉक उघडतानाच्या विरोधाच्या) क्लिकने ठरवता येतं. तुम्ही जे काम स्प्रिंगकडून करून घेताय ते स्क्रू-ड्रायव्हरने होतं.

हवा_कमी

दोघेही चुकीच्या टोकाला धरून भांडताय. टॉप फ्युएलच्या, म्हणजे ड्रॅगमधल्या सर्वात वेगवान वर्गाच्या, गाडीला सस्पेन्शनच नसतं! मागचा आस चॅसीला थेट बोल्ट केलेला. ३०० इंचाचा, म्हणजे ७.६२ मीटरचा व्हीलबेस, चॅसी कमानीसारखी वाकते आणि बाकी सगळं टायरची भिंत सांभाळते. २००८ पासून एनएचआरएमध्ये (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंग संघटना) या गाड्या पाव मैलाऐवजी १००० फूट पळतात आणि ते अंतर चार सेकंदांच्या आत कापतात. आता सांगा, अँटी-स्क्वॉट कुठे गेला?

आधी टायरातली हवा अर्ध्या-अर्ध्या पीएसआयने बदलून बघा. भोकं नंतर.

पाटेबहाद्दर

@हवा_कमी, अर्धंच सांगितलंत. त्या गाडीत क्लच टप्प्याटप्प्याने पकडत जातो, सुरुवातीला मुद्दाम घसरवलेला असतो. आपल्याकडे शॉक जे करतो ते तिथे क्लच करतो. आपल्या गाडीत तो क्लच आणि ती वाकणारी चॅसी घालून द्या, मी उद्या शॉक काढून टाकतो.

हवेचं मात्र पटलं. शॉकला हात लावण्याआधी हवा, आणि तीही बर्नआउटनंतर (टायर जागीच फिरवून तापवल्यावर) टायर गरम असतानाची.

पुढून_ओढणारा

नेहमीप्रमाणे पुढच्या चाकांची गाडी कोणाला आठवली नाही.

आमच्याकडे ते २७० किलो म्हणजे निव्वळ नुकसान. जितकं वजन मागे तितका टायर हलका. म्हणून मागच्या स्प्रिंग टणक, पुढचं नाक उचलू नये म्हणून रिबाउंड आवळलेला, आणि मागे व्हीली बारसारखे बार (पुढची चाकं हवेत उचलली जाऊ नयेत म्हणून मागे लावतात तशा दांड्या). लोक हसतात, "पुढच्या चाकांची गाडी व्हीली कशी मारणार?" अहो, तो बार व्हीलीसाठी नाहीच. मागची बाजू बसू नये आणि टेकू आणखी मागे जावा म्हणून आहे. टेकू मागे गेला की जणू व्हीलबेस वाढतो, भागाकारातला खालचा आकडा मोठा होतो, वजन कमी जातं. धागाकर्त्याचंच सूत्र, फक्त आम्ही उलट्या बाजूने वाचतो.

चालू द्या तुमचं.

टॉर्कमावशी

वाचतेय. मतं पुष्कळ झाली, @शेवटचा_गिअर, टाइमस्लिपवरचे (रननंतर मिळणाऱ्या वेळांच्या चिठ्ठीवरचे) बाकीचे आकडे द्या. ६० फूट सगळेच सांगतात. ३३० फुटांना किती होती? आणि ट्रॅकवरचे काळे पट्टे बघितलेत का, की लाँच झाल्यावर थेट स्लिप घ्यायला पळालात?

शेवटचा_गिअर

३३० ला आधी ४.६२, भोक बदलल्यावर ४.६१.

पट्टे बघितले होते, मोबाईलवर फोटो आहे. सुरुवातीला दीडेक मीटर गडद, मग गाडीच्या लांबीएवढं अंतर फिकट, मग परत गडद. उजवा पट्टा डाव्यापेक्षा फिकट आहे, पण ते मी सावलीमुळे समजत होतो.

टॉर्कमावशी

सावली नाही हो ती.

आधी आकडे. ६० फुटांना ०.०६ कमावले आणि ३३० ला फक्त ०.०१ उरले. लाँचला कमावलेला वेळ पुढे निदान तेवढा तरी राहायला हवा, बऱ्याचदा वाढतो. साधा अंदाज असा की ६० फुटांतला एक दशांश पाव मैलाला दीड ते दोन दशांश होतो. तुमचे पाच शतांश वाटेत सांडले, आणि कुठे सांडले ते फिकट पट्ट्यात दिसतंय. बॉडी मागून झपकन उचलली गेली, टायर दाबला गेला, म्हणून पहिले दीड मीटर गडद. मग शॉक पूर्ण उघडून टोकाला आपटला, टायर खाली दाबणारं काही उरलं नाही, टायर हलका झाला. म्हणजे भोक बरोबर असेलही, पण मागचा रिबाउंड फार सैल आहे. शॉकच्या दांडीवर झिप-टाय बांधता का? लाँचनंतर तो कुठे सरकला ते पाहिलं की कळेल.

आता उजवा पट्टा. सलग हाऊसिंगच्या (मागच्या दोन्ही चाकांचा आस एकाच नळीत असलेल्या) गाडीत प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचा, पीळ हाऊसिंगला डावीकडे खाली दाबतो आणि उजवीकडे उचलतो. हा पीळ मागच्या मागे जिरला पाहिजे. नाही जिरला तर उजवा टायर हलका.

पाटेबहाद्दर

उजव्या स्प्रिंगमध्ये एअरबॅग (हवा भरायची पिशवी) टाका आणि मोकळे व्हा. वर्षानुवर्षं हेच करतोय.

टॉर्कमावशी

एअरबॅगने गाडी उभी असतानाच तिरकी होते, डाव्या पुढच्या चाकावर जास्तीचं वजन बसतं. लाँचला ठीक, पण टॉप एन्डला, पट्ट्याच्या शेवटी, ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. त्यापेक्षा मागे नीट अँटी-रोल बार (गाडीला एका बाजूला कलू न देणारी दांडी), तो शून्य प्रीलोडवर (आधीचा ताण न देता), आणि मग गरजेपुरतं आवळायचं.

पाटेबहाद्दर

बार बसवायला हाऊसिंगवर वेल्डिंग आलं. एअरबॅगला पाच मिनिटं. पण ओढते हे खरं आहे, खोटं कशाला बोलू. मी ब्रेक मारताना स्टिअरिंग थोडं उलटं धरतो, आता सवय झालीये.

शेवटचा_गिअर

ही कबुली फ्रेम करून ठेवतो काका.

तर, आज गाडी जॅकवर घेतली. झिप-टाय बांधण्याआधी सहज म्हणून दोन्ही मागचे शॉक काढले आणि हाताने ओढून बघितले. दोन्ही रिबाउंडच्या त्याच क्लिकवर. डावा उघडायला पायाखाली धरून जोर लावावा लागतो. उजवा सुरुवातीला जरा अडतो आणि मग लोण्यातून सुरी जावी तसा सरकतो. क्लिक फिरवले, काही फरक नाही. सीलच्या खाली बोट फिरवलं तर तेलाचा पातळ थर, त्यावर धूळ चिकटून झालेला चिकटा. हा थर मी महिनाभर बघतोय आणि ट्रॅकवरची घाण समजून पुसतोय.

म्हणजे "दुसरं काहीही हलवलं नाही" असं जे छातीठोक लिहिलं होतं त्याला अर्थ नाही. एक शॉक जिवंत, एक मेलेला, आणि त्यावर मी भूमितीचा धडा देत होतो. शॉक दुरुस्तीला दिलाय.

मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. गाडी बसल्याने पकड येत नाही. खालच्या दांड्या वरच्याच भोकात राहणार.

हवा_कमी

हवा किती होती ते शेवटपर्यंत सांगितलंच नाहीत.

शेवटचा_गिअर

११.

हवा_कमी

गरम की थंड?

पाटेबहाद्दर

घ्या, आता हे रात्रभर चालणार. @शेवटचा_गिअर, शॉक परत आला की त्याच भोकात तीन रन मारा, मग जुन्या भोकात तीन. सहाही स्लिपा इथे टाका, ३३० फुटांच्या आकड्यासकट. जुनं भोक हरलं तर मी पुढच्या वेळी एअरबॅग काढून येतो.