मदत हवी आहे: ब्रिटिश नागरिकत्वासाठी बँकेत किती पैसे दाखवायचे? वर्तणुकीचा दाखला कोण देतो?

देवगडहून लिहितोय. भाचा लेस्टरला नोकरीला आहे. आयएलआर (तिथे कायम राहण्याची परवानगी) मिळून १४ महिने झाले, आता नागरिकत्वाचा अर्ज करायचाय. इकडचा एक एजंट म्हणतो, २० लाखांची एफडी दाखवा आणि पोलीस पाटलाचा दाखला पाठवा. अडचणी अशा: वेगमर्यादेचा दंड दोनदा झालाय (दोन्ही वेळेत भरले), बांधावरून चुलत्याने त्याच्यावर एनसी (पोलिसांत अदखलपात्र तक्रार) नोंदवलीय, हापूस आंब्याची ४० कलमं भाच्याच्या नावावर आहेत. शिवाय गणपतीला दर वर्षी घरी येणं आलंच. काय काय सांभाळावं?

प्रतिसाद १

एफडी मोडू नका, करूही नका. या अर्जाला किमान पगाराची किंवा शिलकीची अट नाही. ती व्हिसाची भानगड, एजंटने दोन्ही एकत्र कालवलंय. इथे पैसा किती हे बघत नाहीत, हिशोब जुळतो का हे बघतात. व्हिसासाठी एक उत्पन्न सांगितलं आणि एचएमआरसीला (ब्रिटनच्या करखात्याला) दुसरं, असं निघालं की अर्ज पडतो. काउन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) थकला असेल तर आधी मिटवा किंवा हप्ते बांधून नियमित भरा. नुसतं कर्ज असणं गुन्हा नाही.

खरी मेख कलमांत आहे. भारतात शेतीउत्पन्न करमुक्त म्हणून कुणी मनावर घेत नाही. ब्रिटनमध्ये मात्र तिथे बरीच वर्षं राहिलेल्याला जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि शेतीला वेगळी माफी नाही. सातबारावर नाव आहे एवढ्याने कर लागत नाही. हापूसचे पैसे नक्की कोणाच्या हातात जातात ते आधी ठरवा. भाच्याच्या खात्यात जात असतील तर त्यांचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं हे लक्षात घ्या. म्हणजे २०२५ चा ६ एप्रिलपासून मेपर्यंतचा आंबा २०२५-२६ मध्ये धरायचा आणि विवरणपत्र ३१ जानेवारी २०२७ पर्यंत भरायचं. आधीच्या वर्षांचं राहिलं असेल तर अर्जापूर्वी तिकडच्या अकाउंटंटकडून स्वतःहून कळवा. त्यांनी शोधून काढलं की तेच वर्तणुकीच्या खात्यात जातं.

पोलीस पाटलाचा दाखला तिथे चालत नाही. दोन ओळखदार लागतात, दोघेही किमान ३ वर्षं ओळखणारे. एक शिक्षक, अकाउंटंट अशा व्यवसायातला, कुठल्याही देशाचा चालेल. दुसरा ब्रिटिश पासपोर्टवाला, व्यावसायिक किंवा २५ वर्षांवरचा. नातेवाईक नको, अर्जाचा वकीलही नको.

वेळेत भरलेल्या एखाददुसऱ्या दंडाने अर्ज सहसा अडत नाही. थोड्या काळात ओळीने झाले किंवा न भरल्याने कोर्टात गेले, तर अडतो. शिक्षा मात्र कितीही जुनी, कुठल्याही देशातली असो, लिहायचीच. लपवलेली सापडली तर फसवणूक धरतात आणि त्याचा डाग १० वर्षं राहतो.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. एनसीचं काय? आणि गणपतीचे दिवस?

प्रतिसाद २

एनसी म्हणजे शिक्षा नव्हे, आणि वाटणीचा दिवाणी दावा असला तर तीही शिक्षा नव्हे. पण पुढे चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई) किंवा कोर्टाचं समन्स झालंय का, ते ठाण्यात जाऊन बघून या. चुलते हे आपणहून सांगणार नाहीत. काही प्रलंबित असेल तर अर्जात लिहा.

अर्जाआधीच्या ५ वर्षांत ४५० दिवस आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० दिवस बाहेर राहता येतं. फक्त पूर्ण दिवस मोजतात. ५ सप्टेंबरला निघून २८ ला पोचला तर ६ ते २७, म्हणजे २२ दिवस. थोडं जास्त झालं तर सहसा ४८० आणि १०० पर्यंत चालवून घेतात. (बायको ब्रिटिश असेल तर ३ वर्षं आणि २७० दिवस.)

काही अर्ज घसरतात ते या ५ वर्षांच्या पहिल्या दिवसावर. अर्ज १० ऑक्टोबर २०२६ ला पोचला, तर ११ ऑक्टोबर २०२१ रोजी भाचा ब्रिटनमध्ये हवा. त्या वर्षी दसरा १५ ऑक्टोबरला होता. नवरात्रासाठी गावी आला असेल तर परतीचा शिक्का बघून अर्ज तेवढा पुढे ढकला. सूट मागता येते, पण फुकटची जोखीम कशाला? नकार आला तर शपथविधी समारंभाची फी तेवढी परत मिळते, बाकी पैसे गेले.

प्रतिसाद १

एक राहिलं. शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व त्याच दिवशी संपतं. त्या पासपोर्टवर गणपतीचं तिकीट काढू नका. तो आधी सरेंडर करायचा, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढायचं. असलेली कलमं नावावर राहतात, वारशाने आलेलीही घेता येतात, नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. बाजूचा तुकडा घ्यायचा विचार असेल तर तो भाच्याला शपथेआधीही घेता येत नाही, परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही हीच बंदी आहे.