कवितेतली शिवी आणि वरळीचा दगड

रात्रपाळी
परवा इथे ओसरी यांनी लिहिलं, की विद्रोही कविता म्हणजे शब्दांची हिंसा. कवी शिवी देतो म्हणून पोरं दगड उचलतात, चळवळ अहिंसेला धरून राहिली असती तर फुटली नसती. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

१९७२ सालचा क्रम बघा. पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलित वस्तीवर बहिष्कार पडला, परभणीतल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून दलित बायकांची धिंड काढली. मग दलित पँथर ही संघटना उभी राहिली. पँथरच्या संस्थापकांपैकी एक, नामदेव ढसाळ, यांचा कवितासंग्रह 'गोलपिठा'ही त्याच सालचा. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. १० तारखेच्या मोर्च्यावर इमारतीवरून दगड आला आणि पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव गेले. दगड वरून खाली आला होता, खालून वर नाही.

माझे वडील तेव्हा नऊ वर्षांचे, वरळीच्या बीडीडी चाळीत. आजीने तीन दिवस स्टोव्ह पेटवला नाही. त्याचा आवाज गॅलरीत गेला की खोलीत माणसं आहेत हे कळलं असतं. पोरांनी भिजवलेले पोहे खाल्ले. त्या खोलीत कवितेचं एकही पुस्तक नव्हतं.

ओसरी
तुमच्या वडिलांनी भोगलं ते खोटं म्हणायची माझी हिंमत नाही. पण महाडचं चवदार तळं विसरू नका. २० मार्च १९२७ ला पाणी पिऊन परतणाऱ्यांना मारलं, डोकी फुटली, तरी बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला तर तोही पाळला. १९३७ मध्ये हायकोर्टात जिंकले. ही ताकद आहे, भेकडपणा नाही.

मनाई_हुकूम
ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं! आणि त्याच डिसेंबरात, २५ तारखेला, मनुस्मृती जाळली ते का गाळलंत? कुणाच्या अंगाला झळ लागली नाही, तरी सनातनी खवळलेच. दुखवायचंच नाही असं ठरवलं तर तीही जाळता आली नसती. अहिंसा मारणाऱ्याला शिकवा की आधी!

जुना_कार्यकर्ता
सगळे ढसाळांची बाजू घेताय, पण आणीबाणीत ते इंदिराबाईंच्या बाजूने उभे राहिले त्याचं काय? आमच्यातले लोक तुरुंगात होते तेव्हा. मी ते आजही विसरलेलो नाही.

खडू
दादा, त्याचा राग मलाही आहे. पण माणूस चुकला म्हणून कविता खोटी होत नाही.

मी शिकवते. एका कॉलेजात मला ढसाळांच्या कवितेची झेरॉक्स दिली, त्यात सात ठिकाणी टिंबं. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, इथे काय होतं?" मी म्हटलं, शब्द होते. ती म्हणाली, "आमच्या गल्लीत रोज ऐकते, फक्त पुस्तकात चालत नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रडले.

ओसरी
आता ऐकाच. त्या शिव्या कुणावरून असतात? आईवरून, बहिणीवरून. व्यवस्थेला शिवी द्यायची तर त्यात बाई का लागते? माझा भाऊ मोर्च्यातून घरी यायचा आणि त्याच शब्दांत वहिनीशी बोलायचा. तिने कुठल्या कवितेत दाद मागायची?

मनाई_हुकूम
हा विषय भलतीकडे नेताय.

खडू
भलतीकडे नाही, विषय इथेच आहे. ओसरीताईंचं मला पटतं, आणि पटतंय याचा त्रासही होतोय. पण ती भाषा कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीतून आली, कवीने घरात बसून रचली नाही. ती पुसली तर तिथल्या बायकाही कवितेतून पुसल्या जातात.

रात्रपाळी
वहिनींबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. पण अहिंसेची किंमत कोण मोजतं ते बघा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवर लोक जमले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा जण गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. आयुष्यभर गाणीच गायली होती त्यांनी. आणखी किती अहिंसक व्हायचं होतं?

ओसरी
घोगऱ्यांचं नाव आल्यावर मी काय बोलू. कवितेमुळे दगड उचलले गेले, हे माझं वाक्य मागे घेते. शिवीबद्दलचं घेणार नाही.

जुना_कार्यकर्ता
आणि आणीबाणीचं कुणीच बोललं नाही.