पाळणाघर आधी बंद, चौकशी मागनं. पटतं का?

सातरस्तावाला:
मेव्हणीचं पोरगं अडीच वर्षाचं, जुळे सोलापुरात एका पाळणाघरात जायचं. आठ-दहा दिवस झाले संध्याकाळी घरी आलं की नुसतं पेंगायचं, जेवायचं नाही, आम्हाला वाटलं ऊन बाधलं असेल, एप्रिलातलं सोलापूर म्हणजे काय सांगायचं. एक दिवस तिला हाफ डे मिळाला म्हणून दुपारी दोनलाच घ्यायला गेली तर वरच्या पत्र्याच्या खोलीत नऊ पोरं ओळीनं झोपलेली, एकाचाही आवाज नाही, आणि खिडकीत सर्दीच्या सिरपची बाटली. बाई म्हणते कशी, "थोडंसंच देते ओ, सगळ्यांनाच देते."

तक्रार केली. अर्ज घेतला, चौकशी करू म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पाळणाघर उघडं, आणि बाकीची आठ पोरं डबे घेऊन हजर, त्यांच्या आईबापाला काही माहीतच नाही.

कॅलिफोर्नियात असं काही दिसलं तर सुनावणीच्या आधीच परवाना तात्पुरता निलंबित करता येतो, मालकानं आक्षेप नोंदवला की ३० दिवसांत सुनावणी घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये शाळा-पाळणाघरं तपासणारं सरकारी खातं, ऑफस्टेड, नोंदणी ६ आठवडे थांबवतं, त्याला पोराला इजा झालेलीच असावी लागत नाही, होऊ शकते असं मानायला सबळ कारण असलं की बास. आपल्याकडे हे का नको?

भवानी पेठेची आत्या:
मी १४ वर्षं पाळणाघर चालवते. सिरप पाजणारीला आत टाका, माझं काही म्हणणं नाही. पण दादा, कुलूप लावायची पॉवर साहेबाच्या हातात दिली की ती सिरपवालीवरच चालंल असं कोण सांगितलं? माझ्याकडे एका पोराची चार महिन्याची फी थकली होती, मी दोनदा मागितली तर तिसऱ्या दिवशी बाप भांडायला आला, पोराच्या हनुवटीला लागलंय, तुम्ही मारलं म्हणून. पोरगं घरच्या पायरीवरनं पडलं होतं, आजीच सांगून गेली नंतर. तुमचा नियम असता तर माझं शटर त्याच दिवशी खाली. सहा आठवडे बंद म्हणजे कायमचं बंद. भाडं कोण भरणार, हाताखालच्या बाईचा पगार? आणि सुनावणीत सुटले तरी कुठली आई परत पोर आणून सोडणार आहे माझ्याकडं?

काय_बे:
आत्या तुमचं दुकान बुडेल हे खरं, पण पोरगं बुडालं तर? २०१६ ला खारघरला दहा महिन्याच्या बाळाला आयानं मारलेलं सीसीटीव्हीत दिसलं म्हणून कळलं. एवढंसं पोर तोंडानं काय सांगणार बे, चौकशी होईपर्यंत रोज त्याच बाईच्या ताब्यात द्यायचं काय?

भवानी पेठेची आत्या:
मला बे म्हणू नको. तुझ्या आईच्या वयाची आहे मी.

काय_बे:
सॉरी आत्या, सवय आहे.

नोटीसवाले काका:
सगळे हवेत बोलायलाव. निलंबित काय करणार? गल्लीतलं पाळणाघर बहुतेक शॉप ॲक्टच्या कागदावर चालतं, आणि २०१७ च्या कायद्यात कामगार थोडे असले की नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, झालं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार? आधी परवाना तर आणा. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे, सांभाळायला दिलेल्या पोरावर संस्थेतल्या माणसानं क्रूरता केली तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण ती शिक्षा खटला संपल्यावर. उद्या सकाळी नऊला शटर उघडायचं की नाही, याचं उत्तर त्यात नाही. तेवढ्यापुरतं सातरस्तावाल्यांचं बरोबर आहे.

टॉवेलवाली:
मी एमआयडीसीत टॉवेलच्या शिलाईवर आहे. तुम्ही सगळे पाळणाघर बंद करायचं का नाही यावर भांडताय, मला कोणी विचारलं का? सोमवारी सकाळी पोराला कडेवर घेऊन गेले आणि दाराला कुलूप दिसलं तर मी काय करायचं? खाडा केला की हजेरी गेली. अंगणवाडी तीन वर्षाच्या वरच्याला, तीही दुपारी सुटते. मग शेजारच्या म्हातारीकडं टाकायचं, ती विड्या वळत बसते, तंबाखूच्या सुपाशेजारी पोर रांगतं. ती जागा तर कोणीच तपासायला येत नाही.

रेशन दुकान निलंबित झालं की काय करतात माहितीय ना? कार्डं शेजारच्या दुकानाला जोडतात. धान्याला जे जमतं ते पोरांना का जमू नये? आधी दुसरीकडं जोडा, मग लावा कुलूप, माझी काही तक्रार नाही.

नोटीसवाले काका:
हे मात्र पटलं बाई. केंद्राची पाळणा योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर, दिवसाला साडेसात तास, सहा महिन्यांपासनं सहा वर्षांपर्यंत. तशी केंद्रं वॉर्डावॉर्डात झाली तर जोडायला जागा तरी राहील.

सातरस्तावाला:
मी जोडायचा विचारच केला नव्हता, खरं सांगतो. आमच्या मेव्हणीला तिची आई आहे सांभाळायला, म्हणून आम्हाला पोर काढून घेणं सोपं गेलं. पण आत्या, सहा आठवडे जास्त वाटत असतील तर सात दिवस धरा. सात दिवसांत साहेबानं येऊन बघायचं, तुमचं ऐकायचं, नाही आला तर कुलूप आपोआप निघालं. आणि नुसत्या तक्रारीवर नाही, जागेवर जाऊन काहीतरी डोळ्यानं दिसलं तरच.

भवानी पेठेची आत्या:
सात दिवसाचं भाडं?

सातरस्तावाला:
ते मला नाही सांगता येणार.

भवानी पेठेची आत्या:
बघा. तिथंच अडतंय.

टॉवेलवाली:
आत्या, ते सिरपवालीचं पाळणाघर खरंच बंद झालं तर त्यातली पोरं तुमच्याकडं जोडली तर घ्याल का?

भवानी पेठेची आत्या:
चार घेईन. जास्त नाही, बाई एकच आहे माझ्याकडं. आणि आयांना सांगा, दुपारी दोनला न सांगता येत जा.