डायलिसिस सुरू झाल्यापासून घरी कोणी येत नाही

प्रश्न

माझ्या यजमानांचे डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षे झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास, आणि घरी आल्यावर उरलेला दिवस अंथरुणावर जातो. उपचारांबद्दल तक्रार नाही; माझा प्रश्न माणसांचा आहे. दिवसाचे पाणी मोजून प्यावे लागते म्हणून ते कोणाकडे गेले की चहा नाकारतात, रक्तातले पोटॅशियम वाढू नये म्हणून शहाळे आणि केळे बंद आहे, आणि पंगतीत वाढलेले पान तसेच ठेवून उठणे त्यांना त्या घरचा अपमान केल्यासारखे वाटते. त्यामुळे त्यांनी जाणे सोडले आणि हळूहळू लोकांनी बोलावणेही सोडले. सख्ख्या पुतण्याच्या साखरपुड्याचे आमंत्रणसुद्धा ‘तुम्हाला त्रास नको’ म्हणून आले नाही. यावर काय करावे?

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः सहा वर्षे डायलिसिसवर आहे. ‘त्रास नको’ हे शब्द मीही पुष्कळ ऐकले. आपल्याला काय चालते हे लोकांना ठाऊक नसते, म्हणून ते सगळेच टाळतात. मी चार घरी स्वतः फोन करून सांगितले की मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी मी बरा असतो, तेव्हा या. मी अर्धा कप चहा घेईन, तो माझ्या दिवसाच्या पाण्यात धरलेला आहे. चारांपैकी दोन घरची माणसे आली, आणि ती आजही येतात. केंद्रावर शेजारच्या खाटेवरच्या माणसांशीही मैत्री होते, कारण तिथे काही समजावून सांगावे लागत नाही. मात्र त्यांतले एखादे माणूस गेले आणि त्या खाटेवर नवा रुग्ण आला, की आठवडाभर मन लागत नाही. त्या दिवसांत यजमानांना आपणहून विचारत जा.

प्रतिसाद २

वरील अनुभवाशी मी सहमत आहे, पण एक शंका मनात ठेवावी. भूक मंदावणे, झोप न लागणे, सतत थकवा ही लक्षणे मूत्रपिंडाच्या विकारात असतात तशीच नैराश्यातही असतात, त्यामुळे नैराश्य डायलिसिसच्या खात्यावर जमा होऊन उपचारांविना राहते. डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची शासकीय दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो. त्यात तुम्हीही असू शकता, ताई. तुम्ही शेवटचे कोणाकडे गेला होता?

प्रश्नकर्ती

आठवत नाही, हेच खरे उत्तर आहे. पुतण्याला आज मीच फोन केला. लग्न बुधवारी आहे. त्या दिवशीची डायलिसिसची पाळी एक दिवस मागेपुढे करता येईल का, हे उद्या केंद्रावर विचारते.