आईच्या नावानं समन्स आलंय, घ्यायचं का न्हाई?

मामानं वाटपाचा दावा घातलाय, कोर्टाचा बेलीफ येऊन गेला, शेजारचे म्हणत्यात घेऊच नको, आणि वकिलाला द्यायला आत्ता पैसे न्हाईत, काय करू?

» घ्या ओ गप! नाकारलं तरी बजावलं असंच धरत्यात, मग एकतर्फी निकाल लागू शकतोय. मिळाल्यापासनं ३० दिवसांत कैफियत, म्हंजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची, कोर्टानं मुदत वाढवली तर साधारण ९० पर्यंत. सोबत दाव्याची नक्कल आली का बघा, सगळं त्यातच असतंय.

» वकील फुकट मिळतोय की भावा. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं आईच्या नावानं अर्ज टाक, बायकांना उत्पन्नाची अट न्हाई, १९८७ चा कायदाच हाय तसा. न्हाईतर १५१०० ला फोन लाव.

» सर्किट बेंचला जावं लागंल का?

» ते हायकोर्टाचं कोल्हापुरातलं बेंच, तुझं आत्ता तिथं काय काम न्हाई.