दोन शाळांच्या मधले आठवडे: मुलीला घरी शिकवावं का?

नमस्कार मंडळी,
यांच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडमध्येच नुकतेच लेस्टरहून रीडिंगला आलो. लेक सहा वर्षांची, इयर वनमध्ये (पाच-सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग) होती. काउन्सिलकडे (स्थानिक प्रशासनाकडे) इन-इयर, म्हणजे वर्षाच्या मध्येच शाळाप्रवेशाचा अर्ज केलाय, पण जवळच्या शाळा भरलेल्या आहेत असं फोनवर कळलं. ती रोज विचारते, "माझी शाळा कधी?" तोवर घरी शिकवलेलं कायद्याला चालतं का? आणि शिकवायचं काय, किती वेळ? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.
– रीडिंगहून

---

ताई, नमस्कार.
घाबरू नका, इंग्लंडमध्ये हे पूर्ण कायदेशीर आहे. १९९६ च्या शिक्षण कायद्याने मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी पालकांवर टाकली आहे. ते शाळेत द्या नाहीतर दुसऱ्या मार्गाने. घरी किती तास शिकवायचं, तेही ठरवून दिलेलं नाही.

मात्र "आम्ही होम एज्युकेशन निवडलंय" असं काउन्सिलला लिहून देऊ नका. शाळा हवी आहे, जागा मिळेपर्यंत घरी शिकवतोय, असंच लिहा. अर्जावर शाळेच्या कामाच्या १५ दिवसांत लेखी उत्तर मिळायलाच हवं. फोनवरच्या उत्तरावर थांबू नका, नकाराची पत्रं मागून घ्या. मूल चार आठवडे शाळेबाहेर असेल आणि वाजवी अंतरावर कुठेच जागा नसेल, तर फेअर ॲक्सेस प्रोटोकॉलखाली (शाळेविना राहिलेल्या मुलांना जागा मिळवून देण्याची व्यवस्था) जागा मागता येते, तेव्हा ती पत्रं लागतील. योग्य शाळा देऊ केली आणि तुम्ही ती नाकारली, तर मात्र हा मार्ग उरत नाही.

नकाराविरुद्धच्या अपिलावर फार भिस्त ठेवू नका. इयर टूपर्यंत एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा आहे, ती सहसा मोडत नाहीत. वेटिंग लिस्टवर जरूर राहा. तिथला क्रम अर्जाच्या तारखेवर नसतो. अंतर, आधीपासून शाळेत असलेलं भावंड अशा निकषांवर असतो, त्यामुळे नंबर मागेही जातो.

आता शिकवण्याचं. मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून कळकळीने सांगते: फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकणं, सोडू नका. इयर वनच्या जूनमध्ये ४० शब्दांची चाचणी असते. त्यातले निम्मे शब्द बनावट, अर्थ नसलेले असतात, म्हणजे पाठांतर उपयोगी पडत नाही, अक्षरांचे आवाज जोडूनच वाचावं लागतं. हे आवाज शिकवण्याचा क्रम प्रत्येक योजनेत वेगळा असतो. म्हणून आजच लेस्टरच्या शाळेला ईमेल करा: कोणती योजना होती, ती कुठल्या आवाजापर्यंत आली होती? तिथूनच पुढे न्या. नवीन ॲप, नवीन पुस्तकं आणून गोंधळ वाढवू नका.

गणिताला वीसपर्यंतची बेरीज-वजाबाकी पुरे. दुकानात नाणी तिला मोजू द्या. नऊ ते तीन वर्ग भरवू नका. एकास एक शिकवताना सकाळी पाऊण तास आणि दुपारी तेवढाच वेळ या वयाला भरपूर होतो. लायब्ररीचं कार्ड काढा. रोज झोपताना मराठी गोष्ट वाचा, एवढा निवांत वेळ शाळा सुरू झाली की मिळत नाही.

आणि तिला खेळायला बरोबरीची मुलं हवीत. या वयाला धड्यांपेक्षा मैत्रिणी तुटल्याचं दुःख मोठं असतं.
– स्लाऊहून

---

एक जोड: वरचे नियम इंग्लंडचे. इथे स्कॉटलंडमध्ये सरकारी शाळेतून मूल काढून घरी शिकवायचं तर काउन्सिलची संमती घ्यावी लागते. इकडे येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.
– एडिंबरोहून

---

ताई, मनापासून आभार. जुन्या बाईंचं लगेच उत्तर आलं, कुठपर्यंत शिकवलं होतं ते सविस्तर लिहिलंय. लेखी नकारही मागितला आहे. रीडिंगमध्ये कुणाची पाच-सहा वर्षांची मुलं असतील, तर शाळा सुटल्यावर प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये भेटू या का? शुक्रवारी साडेतीनला आम्ही तिथे असू. पाऊस असेल तर आमच्या घरी या, पत्ता वेगळा कळवते.
– रीडिंगहून