मदत हवी आहे: घायपाताच्या कंपोझिटची इम्पॅक्ट स्ट्रेंग्थ कमी येतेय (तातडीचं)

तुकडेबाज
मेकॅनिकल, शेवटचं वर्ष. घायपाताचे धागे रेझिनमध्ये बसवून कंपोझिट केलंय. धाग्याला केमिकल ट्रीटमेंट केल्यावर इम्पॅक्ट (फटका सोसायची ताकद) वाढायला हवी ना? माझी कच्च्या धाग्यापेक्षा कमी आली. त्यात एका पेपरात माझ्या दसपट आकडे आहेत. सोमवारी रिव्ह्यू, सर म्हणतात कारण लिही. काय लिहू? गूगल करून झालंय, ते सांगू नका.

रेझिनराव
कसली ट्रीटमेंट? रेझिन कोणतं? धागा किती लांब, किती टक्के? फटक्याची टेस्ट कोणती, आयझॉड की चार्पी? पत्रिका न दाखवता लग्न जुळवायला सांगतोयस.

तुकडेबाज
नेहमीचीच, कॉस्टिक सोडा ५ टक्के. इपॉक्सी. आयझॉड.

कोकणी_काथ्या
घायपात सोड, काथ्या घे. काथ्यात लिग्निन भरपूर आणि आतले सूक्ष्म तंतू जास्त तिरपे, त्यामुळे तुटण्याआधी चांगला १५ टक्क्यांच्या वर ताणतो. घायपात काही टक्क्यांतच तुटतो. फटका खायला काथ्याच.

रेझिनराव
धागा कोणता घेऊ असं त्याने विचारलेलंच नाही. तुकडेबाज, कॉस्टिकमध्ये किती वेळ ठेवलंस? टेन्साइल (ओढून तोडायची ताकद) काढलंस का?

तुकडेबाज
रात्रभर. टेन्साइल वाढलंय. म्हणून तर डोकं चालत नाहीये!!

चाचणीवाली
मग उत्तर तिथेच आहे. कॉस्टिकने मेण, पेक्टिन, हेमिसेल्युलोज निघून जातं, धागा खरखरीत होतो आणि इपॉक्सी त्याला घट्ट धरतं. टेन्साइलला ते बरंच. पण फटक्याची बरीच ऊर्जा खर्च होते ती धागा रेझिनपासून सुटताना आणि घासत बाहेर येताना. पकड फार घट्ट असली की धागा सुटतच नाही, भेग त्याला कापून सरळ पुढे जाते. तुटलेले तुकडे ठेवलेयस ना? भिंगाखाली धर. कच्च्या धाग्याच्या तुकड्यावर मिश्यांसारखे धागे बाहेर आलेले दिसतील आणि ते उपटून निघाले तिथे बारीक भोकं. ट्रीटमेंटवाला सपाट तुटला असेल तर हेच कारण लिही.

अण्णा_नाशिक
एवढं लांब कशाला जायचं? रात्रभर कॉस्टिकमध्ये म्हणजे धागाच मेला. आम्ही चार तासांच्या वर कधी ठेवत नाही.

चाचणीवाली
धागा मेला असता तर टेन्साइल वाढलं असतं का अण्णा?

अण्णा_नाशिक
टेन्साइलला सावकाश ओढतात, पेंडुलमचा फटका एका झटक्यात बसतो. ठिसूळ झालेला धागा तिकडे निभावून नेतो, इकडे उघडा पडतो.

चाचणीवाली
मान्य, शक्य आहे. मग दोन्हीकडचे सुटे धागे ओढून बघू दे त्याला. वाद मिटेल.

निवृत्त_काका
पूर्व जर्मनीच्या ट्रॅबंट गाडीचं बाहेरचं अंग फिनॉलिक रेझिन आणि टाकाऊ कापसाचं होतं. १९५७ ते १९९१ निघाली ती गाडी! आपल्याकडे एवढा कापूस, पण...

रेझिनराव
काका, नवीन धागा काढा ना. तुकडेबाज, पेपरातलं एकक काय आहे?

तुकडेबाज
जूल पर मीटर. आमचं मशीन किलोजूल पर स्क्वेअर मीटर देतं. एवढा काय फरक पडतो?

रेझिनराव
दसपटच पडतो. एएसटीएम डी २५६ या आयझॉडच्या स्टँडर्डमध्ये १२.७ मिमी रुंद तुकड्याला नॉच (खाच) पाडली की खाली १०.१६ मिमी उरते. पेपरातल्या आकड्याला १०.१६ ने भाग, मग तुलना कर.

तुकडेबाज
ओह. मग बरोबरीत आले की! बरं, कच्च्या धाग्याचे तुकडे जूनमधले आहेत, ट्रीटमेंटवाले परवा ओव्हनमधून काढून लगेच फोडले. त्याने काही होतं का?

चाचणीवाली
हे आधी सांगायचं ना रे! पावसाळाभर पडलेल्या तुकड्यांनी ओल धरली असणार. ओलीने असलं कंपोझिट जरा नरम पडतं आणि फटका जास्त सोसू शकतं. म्हणजे तुझ्या तुलनेत दोन गोष्टी मिसळल्या आहेत. दोन्ही २३ अंश, ५० टक्के आर्द्रतेला किमान ४० तास ठेव. आज गुरुवार, शनिवारी फोडता येतील.

अण्णा_नाशिक
४० तासांत चार महिन्यांची ओल जात नाही ताई. आधी दोन्ही ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायला हवेत.

चाचणीवाली
हे मात्र खरं. रिव्ह्यूत निदान स्पष्ट सांग की ओल सारखी नव्हती. आणि पूर्ण तुटलेले, चिकटून राहिलेले तुकडे वेगवेगळे मोज, सगळ्यांची एकत्र सरासरी काढू नकोस.

बांधावरचा
आमच्या बांधाला घायपात ढिगाने आहे. कोणी विकत घेतं का? काढणी आमच्याकडून.

तुकडेबाज
भिंगातून बघितलं. ट्रीटमेंटवाला सपाट, कच्च्याला मिश्या! धन्यवाद ताई. शनिवारसाठी नवीन तुकडे कापतोय. नॉच हॅकसॉने पाडली तर चालेल ना?

रेझिनराव
अजिबात नाही. नॉचच्या टोकाची त्रिज्या ०.२५ मिमी हवी, त्यासाठी नॉच कटरच लागतो. आणि थांब, आधीचे कशाने पाडले होतेस?